‘रॅकून-प्रूफ’ खुराड्याबाबत तक्रार: आमच्याकडे रॅकून नाही, रानमांजर आहे

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: सदोष खुराडे, दिशाभूल करणारी जाहिरात आणि नाकारलेली हमी याबाबत.

महोदय,

मे महिन्यात मी तुमच्या कंपनीचं कोंबड्यांचं तयार खुराडं ऑनलाइन मागवलं. किंमत १८,५०० रुपये, वाहतूक खर्च वेगळा. जुलैत एका रात्री रानमांजराने त्याची जाळी उचकटून माझ्या सातपैकी चार कोंबड्या मारल्या. हमीनुसार पैसे परत मागितले, तर तुमच्या कार्यालयातून आलेलं उत्तर असं: “हमी फक्त रॅकूनच्या हल्ल्याला लागू आहे. हल्ला रॅकूनने केल्याचा फोटो किंवा व्हिडिओ पाठवावा.”

मी संगमेश्वर तालुक्यात राहते. रॅकून हा मूळचा उत्तर अमेरिकेतला प्राणी. जर्मनीत १९३४ साली माणसांनीच तो जंगलात सोडला आणि पुढे तिथे पसरला. जपानमध्येही माणसांनीच नेला. भारताच्या रानात रॅकून नाही. तेव्हा फोटो कुठून आणू, हे तुम्हीच सांगा. कोकणातल्या गिऱ्हाईकाला तुम्ही जी हमी देता, ती पाळायची वेळ तुमच्यावर कधी येणारच नाही. पैसे मात्र आगाऊ घेता.

तुमच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘शिकारी प्राण्यांपासून १०० टक्के सुरक्षित’ असं आहे. त्याखाली ‘रॅकून-प्रूफ’ असा गोल शिक्का आणि डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेल्या प्राण्याचं चित्र. हमी फक्त त्या एकाच प्राण्यापुरती आहे, हे जाहिरातीत कुठेही नाही. ते खोक्यातल्या माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला आहे, म्हणजे पैसे भरून झाल्यावर वाचायला मिळतं. जाहिरातीच्या पानाची प्रत मी काढून ठेवली आहे, त्यामुळे ते पान आता बदललंत तरी माझी हरकत नाही.

आमच्याकडे कोंबड्यांवर टपलेले कोण कोण आहेत, ते तुमच्या माहितीसाठी लिहिते, कारण विकण्याआधी कोणी विचारलेलं दिसत नाही. दिवसा मुंगूस येतं. पिल्लांवर घार असते. अंड्यांना धामण येते. रात्री उदमांजर, ज्याला आम्ही कांडेचोर म्हणतो, आणि रानमांजर. कधी कोल्हा. यांतलं एकही नवं नाही. सासूबाईंच्या काळापासून कोंबड्या आहेत आणि तेव्हापासून हे सगळेही आहेत. जुनं खुराडं जांभ्या चिऱ्यांचं होतं, पडवी वाढवताना ते पाडावं लागलं, म्हणून तुमच्याकडून नवं घेतलं.

आता मालाबद्दल.

खुराड्याला पुढून आणि बाजूंनी षटकोनी भोकांची पातळ जाळी आहे. हार्डवेअरच्या दुकानात ती कोंबडी जाळी म्हणूनच मिळते. नुसती बारीक तार पिळून केलेली असते. कोंबड्या आत राहाव्यात एवढंच तिचं काम, बाहेरून जोर लावणाऱ्याला ती थोपवत नाही. आणि ही जाळी तुम्ही लाकडाला कशाने बसवली आहे? कार्यालयात कागदाला मारतात त्याहून जेमतेम जाड अशा पिनांनी. एक उपटून पट्टीवर मोजली, पाय ६ मिलिमीटरचा भरला. लाकूड इतकं मऊ की पावसाच्या पहिल्या पंधरवड्यातच फुगलं आणि पिना गंजून सैल झाल्या. माझ्या दहा वर्षांच्या नातवाने माझ्यासमोर नखाने दोन काढून दाखवल्या. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ‘सर्व ऋतूंसाठी योग्य’ हेही तुमच्याच जाहिरातीतलं वाक्य.

त्या रात्री काय झालं ते सकाळी स्पष्ट दिसत होतं. वाडीच्या बाजूच्या जाळीच्या खालच्या कडेच्या सलग नऊ पिना निघालेल्या आणि जाळी आत मुडपलेली. मुडपलेल्या तारेला करडे केस अडकलेले. बाहेरच्या चिखलात चार बोटांचे ठसे, नखं न उमटलेली, घरच्या मांजरापेक्षा मोठे. गावात आलेल्या वनरक्षकांनी पाहून रानमांजरच असं सांगितलं. दोन तलंगा दाराशीच पडल्या होत्या. एक कोंबडी नेली, तिची पिसं बांधापर्यंत सांडली होती. चौथी खुडूक होती, अंड्यांवर बसलेली, ती जागची हललीसुद्धा नव्हती. तिच्याखालची अकरा अंडी थंड होऊन वाया गेली. उरलेल्या तीन कोंबड्या वरच्या दांडीवर होत्या म्हणून वाचल्या, पण त्यांनी पुढे बरेच दिवस अंडं दिलं नाही.

रानमांजराला मी दोष देत नाही. त्यालाही पोट आहे. तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलाने मात्र मला फोनवर सांगितलं, “मॅडम, तुम्ही थोडं विष घालून ठेवा ना.” त्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ एकदा समजावून सांगा. विष घालणं, फास लावणं, सापळ्यात पकडणं हे सगळं त्या कायद्याच्या व्याख्येत शिकारीतच मोडतं. कमकुवत जाळी विकायची आणि वर गिऱ्हाईकाला गुन्हा करायचा सल्ला द्यायचा, हा कुठला व्यवहार? विषाचं खाणं आधी गावातली कुत्री खातील, ते वेगळंच.

माझी भाची अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात असते. तिच्या परसात कोंबड्या आहेत आणि रॅकूनही येतात. तिला खुराड्याचे फोटो पाठवले. तिचं उत्तर आलं, “मावशी, हे इथे एक रात्र टिकणार नाही.” रॅकूनच्या पुढच्या पंजांना पाच लांब बोटं असतात आणि चाचपून वस्तू ओळखण्यात तो पटाईत असतो. १९०८ साली तिकडे झालेल्या एका प्रयोगात रॅकूनांनी १३ प्रकारच्या अवघड कड्यांपैकी ११ उघडल्या होत्या. तुमच्या दाराला काय आहे? एका स्क्रूवर फिरणारी लाकडी खुंटी. कडी-कोयंडासुद्धा नाही. जाळीच्या भोकातून हात घालून रॅकून कोंबडीची मान ओढतो, म्हणून तिकडे लोक अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची जाड वेल्डमेश, म्हणजे तारा सांध्यांवर वेल्ड केलेली जाळी, वापरतात आणि ती वायसर घालून स्क्रूने आवळतात. दाराला दोन वेगवेगळ्या हालचालींनी उघडणारी कडी लावतात. खालून उकरून येऊ नये म्हणून खुराड्याभोवती जमिनीवर दीड फूट जाळी पसरून पुरतात. तुमच्या मालात यातलं काहीच नाही. म्हणजे ज्या प्राण्याचा शिक्का लावलात, त्याच्यासाठीही ते निरुपयोगीच. चुकून एखादा रॅकून संगमेश्वरला आला असता, तरी तुम्हाला पैसे परतच करावे लागले असते.

आणखी दोन गोष्टी. खालचा विष्ठेचा ट्रे पावसात फुगून पूर्ण आत जात नाही, मागे दोन बोटांची फट राहते. मुंगसाच्या पिल्लाला तेवढी पुरते. आणि ‘८ ते १० कोंबड्यांसाठी’ म्हणून विकलेल्या खुराड्याची आतली जागा मोजून चार बाय अडीच फूट, म्हणजे दहा चौरस फूट आहे. रात्रीच्या निवाऱ्यात एका मोठ्या कोंबडीला दीड ते दोन चौरस फूट जागा लागते, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात कोणीही सांगेल. दहा गावठी कोंबड्या त्यात फक्त चित्रात मावतील.

सध्या उरलेल्या कोंबड्या रात्री मांगरात डालग्याखाली ठेवते, वर पाटा ठेवून. गावातल्या सुताराने वेल्डमेश आणि फणसाच्या फळ्या घालून नवं खुराडं करायला घेतलं आहे. तुमच्या किमतीच्या निम्म्याच्या आत होतंय. त्याने जाळी फळीच्या आतून घेऊन वरून लाकडी पट्टी स्क्रूने मारली आहे. एवढी साधी गोष्ट तुमच्या कारखान्यात कोणाला सुचली नाही, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

माझ्या मागण्या अशा. खुराड्याचे १८,५०० रुपये आणि वाहतूक खर्च परत करावा. मेलेल्या चार कोंबड्यांचे इथल्या आठवडी बाजाराच्या भावाने २,६०० रुपये द्यावेत. खुडूक कोंबडीच्या अंड्यांचे पैसे मी लावत नाही, पण त्यातून निघाली असती ती पिल्लं तुम्ही लक्षात ठेवा. ‘१०० टक्के सुरक्षित’ आणि ‘रॅकून-प्रूफ’ हे दोन्ही दावे जाहिरातीतून काढावेत, किंवा हमी आपल्याकडे खरोखर येणाऱ्या प्राण्यांना लागू करून ती पैसे घेण्याआधी स्पष्ट दाखवावी. आणि विषाचा सल्ला यापुढे कोणालाही देऊ नये अशी ग्राहक सेवेला लेखी सूचना देऊन तिची प्रत मला पाठवावी. ही शेवटची मागणी पैशांइतकीच महत्त्वाची समजावी.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तुमचं कार्यालय दुसऱ्या जिल्ह्यात आहे, म्हणून तिथेच या, असं तुमच्या प्रतिनिधीने सुचवलं होतं. या कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करता येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, हेही तुमच्या कायदा विभागाला ठाऊक असेलच.

खुराडं मोडकळीला आलेल्या अवस्थेत, जाळी आणि पिनांसह, मांगरात पुरावा म्हणून ठेवलं आहे. न्यायला माणूस पाठवाल तर आधी फोन करावा. पावसात आमच्या वाडीपर्यंत टेम्पो येत नाही, पऱ्यापलीकडून डोक्यावरून न्यावं लागेल आणि ती मजुरी तुमची.

कळावे,
आपली ग्राहक
(नाव, पत्ता व फोन नंबर ऑर्डरच्या पावतीवर आहे)

सोबत: ऑर्डरची पावती, जाहिरातीच्या पानाची प्रत, तुमच्या उत्तराची प्रत, जाळीचे आणि ठशांचे फोटो, तीन पिना.