वराह ग्रोअर खाद्यातील बुरशीजन्य विषाबाबत तक्रार

प्रति,
मा. विभागीय व्यवस्थापक,
पशुखाद्य विभाग, वाशी, नवी मुंबई

विषय : दूषित ग्रोअर खाद्याची बॅच बाजारातून तातडीने परत घेण्याबाबत व नुकसानभरपाईबाबत.

महोदय,

मी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात वराहपालन करते व त्यावरच माझी उपजीविका चालते. आपल्या कल्याण येथील विक्रेत्याकडून घेतलेले ग्रोअर (वाढत्या वयाच्या डुकरांचे) खाद्य सुरू केल्यानंतर आठवड्याभरात, तीन-चार महिने वयाच्या माझ्या 22 मादी पिल्लांपैकी 17 पिल्लांची योनीमुखे सुजून लाल झाली व सड फुगले. या वयात मादी माजावर येत नाही, त्यामुळे ही माजाची सूज नव्हे. पुढे सतत कुंथल्यामुळे दोन पिल्लांचे मायांग (योनीचा आतला भाग) बाहेर आले आणि त्यांतील एक पिल्लू, पशुवैद्यकांचे उपचार चालू असतानाच, दगावले. शेजारच्या शेडमधील त्याच वयाच्या माद्यांना मी स्वतः भरडलेले खाद्य देते. त्यांच्यापैकी एकीलाही हा त्रास झाला नाही.

आपल्या प्रतिनिधींनी गोणी उघडून पाहिली, बुरशी दिसत नाही व प्रथिने लेबलाप्रमाणे आहेत असे सांगितले, आणि बेंटोनाइट या मातीचा टॉक्सिन बाइंडर (खाद्यातील विष धरून ठेवणारा पदार्थ) मिसळण्याचा सल्ला देऊन ते निघून गेले. माझी मुख्य तक्रार या उत्तराबद्दल आहे. प्रथिनांबद्दल मी काहीच म्हटले नव्हते. ही लक्षणे झिरॅलेनोन या विषाची आहेत, जे मक्यावर फ्युजॅरियम बुरशी वाढल्याने तयार होते आणि शरीरात इस्ट्रोजेन संप्रेरकासारखे काम करते. बुरशी मेली, दाणा दळला, पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) करताना खाद्य तापवले, तरी हे विष टिकून राहते, त्यामुळे ते डोळ्यांनी किंवा वासाने ओळखता येत नाही. बेंटोनाइट अफ्लाटॉक्सिन या दुसऱ्या बुरशीजन्य विषाला चांगले धरून ठेवते, झिरॅलेनोनला मात्र फारसे नाही. पाळीव जनावरांमध्ये या विषाचा सर्वाधिक त्रास डुकरांना, त्यातही वयात न आलेल्या माद्यांना होतो, ही गोष्ट वराह खाद्य बनवणाऱ्या कंपनीला ठाऊक असलीच पाहिजे.

न उघडलेल्या गोणीतील नमुना मी खासगी प्रयोगशाळेत तपासून घेतला. त्यात किलोमागे 3.2 मिलिग्रॅम झिरॅलेनोन आढळले. युरोपीय संघाने पिल्ले व तरुण माद्यांच्या खाद्यासाठी सुचवलेली मर्यादा किलोमागे 0.1 मिलिग्रॅम आहे. खाद्य बंद केल्यावर सूज हळूहळू उतरली, हाही पुरावाच आहे.

मला अधिक चिंता मोठ्या डुकरिणींची वाटते, कारण खाद्य कमी पडल्याने काही दिवस हेच खाद्य त्यांनाही दिले गेले होते. या विषामुळे गाभण नसलेली डुकरीणही 21 दिवसांनी माजावर येत नाही व गाभण असल्यासारखी भासते. मग गाभणकाळाचे 114 दिवस सांभाळूनही ती विणत नाही, आणि तोवर पालकाचे कित्येक महिन्यांचे खाद्य व कष्ट वाया गेलेले असतात. म्हणून या डुकरिणींच्या सोनोग्राफीचा खर्चही मी आपल्याकडे मागत आहे.

ही बॅच ज्या विक्रेत्यांकडे गेली आहे, त्यांच्याकडून ती आधी उचलावी आणि ती घेतलेल्या प्रत्येक वराहपालकाला कळवावे. माझ्या पैशांपेक्षा हे निकडीचे आहे, कारण त्या गोण्या आजही कुठेतरी पिल्लांपुढे रिकाम्या होत असतील. त्यानंतर उरलेल्या खाद्याची रक्कम, औषधोपचार व तपासणीचा खर्च आणि दगावलेल्या पिल्लाची किंमत मला द्यावी, तसेच या बॅचसाठी घेतलेल्या मक्याची झिरॅलेनोनसाठी तपासणी झाली होती का, याचे लेखी उत्तर अहवालासह पाठवावे. बिल, गोणीवरील लेबल, प्रयोगशाळेचा अहवाल, पशुवैद्यकांचे प्रमाणपत्र व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. त्याच बॅचची एक शिलाई न उसवलेली गोणी मी आपल्या फेरतपासणीसाठी कोरड्या जागी राखून ठेवली आहे.

स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी खरेदी करणारी व्यक्ती ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार ग्राहक ठरते. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपली विश्वासू,
एक वराहपालक, ता. मुरबाड, जि. ठाणे