शकुनाचे पाच मोठे, बाकी तळहाताएवढे

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री,
कर्नाटक राज्य

सप्रेम नमस्कार.

आपण बेळगावच्याच, तेव्हा मांडे म्हणजे काय हे सांगत बसत नाही. रुखवतातला पिठीसाखरेचा पातळ मांडा हातावर ताणत ताणत केवढा होतो आणि बसच्या एका धक्क्यात त्याचा कसा चुरा होतो, दोन्ही आपल्याला ठाऊक आहे.

आम्ही शहापुरातल्या सहा जणी. पुण्याला, बेंगळूरूला दिलेल्या लेकी मांडे मागायच्या, आणि त्यांना पोचायचा भुगा. मग तळहाताएवढा मांडा करून पाहिला. पंधरा दिवस साखर एका बाजूला जमून करपायची. शेवटी कणीक आणखी सैल भिजवली, पिठीसाखर दोनदा चाळली, उलट्या कढईखालचा जाळ उतरवला. आता डबा आडवा झाला तरी घडी मोडत नाही.

पण सासूबाई अडून बसल्या. "लग्नाचा मांडा लहान केला तर व्याही काय म्हणतील?" मी चिडले. तोड मात्र त्यांनीच काढली: शकुनाचे पाच मोठे, बाकी लहान. आज लग्नसराईत हाच संच सगळ्यात जास्त खपतो; मला एकटीला तो सुचला नसता. भांडवल भिशीचं, त्यात दोघींचे सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेतून दरमहा मिळणारे प्रत्येकी २,००० रुपये. जाहिरात म्हणाल तर संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून एकेक मांडा वाटला, तेवढीच.

सगळंच गोड आहे असं नाही. बेंगळूरूच्या प्रदर्शनाला रात्रीचा प्रवास, म्हणून दोघींना घरून सोडलं नाही. तीही आमची रीतच.

उद्योगिनी योजनेत ३ लाखांपर्यंत कर्ज मिळतं, सर्वसाधारण गटाला ३० टक्के अनुदान. चौकशीला गेलो तर एका साहेबांनी विचारलं, "यात नवीन काय? यंत्र कुठलं घेणार?" आम्ही कढई म्हणालो. ते हसले.

मागणं एवढंच. अर्ज पारखताना हाताच्या कसबात केलेली सुधारणाही 'नवीन' धरा. माहितीपत्रक मराठीतही द्या. बाजारात आम्ही कन्नड बोलतो, पण सरकारी कन्नड वाचताना अडखळतो. आणि वर्षातून एकदा प्रदर्शन इथेच भरवा, सकाळी जाऊन दिवेलागणीला घरी परतता येईल असं.

आपली,
शहापूर, बेळगावची एक मांडे करणारी

ता.क. सोबत डबा पाठवणार होते. पण मंत्र्यांना खाऊ पाठवला की लोक भलतंच बोलतात, म्हणून राहू दिला.