मंत्रिमहोदय, आमचा हप्ता कुणाच्या मर्जीवर?

माननीय मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

गेम उद्योगाच्या सोहळ्यात आपण व्यासपीठावरून सांगितलेत की गेम बनवणारे स्टुडिओ आणि पैसे लावून तो बाजारात आणणारे पब्लिशर यांच्यासाठी आदर्श करारनामा लवकरच येतो आहे. टाळ्या मीही वाजवल्या. करारनामा काही आला नाही, काल पब्लिशरचा मेल तेवढा आला. माइलस्टोनचा बिल्ड, म्हणजे ठरल्या टप्प्यावर द्यायची गेमची चालती आवृत्ती, नामंजूर! कारण एका ओळीत: 'कॉम्बॅटमध्ये अजून मजा येत नाही.' ठरलेल्या तिन्ही लेव्हल, सेव्ह सिस्टीम, कंट्रोलर सपोर्ट, सगळं दिलं होतं. मजेचं कलम करारात नव्हतं. मंजुरी 'सर्वस्वी पब्लिशरच्या मर्जीवर' हे कलम मात्र होतं.

बिल्ड दिला की 30 दिवस त्यांची तपासणी, मंजूर झाला तर बिल, त्यानंतर 60 दिवसांनी पैसे. पगार मात्र दर महिन्याला. ॲनिमेटरला काय सांगू, तुझं घरभाडं अजून अप्रूव्ह व्हायचंय म्हणून?

बरं, हे पैसे काही बक्षीस नव्हेत, पुढच्या रॉयल्टीवरची, म्हणजे विक्रीतल्या आमच्या वाट्यावरची, उचल. आगाऊ 100 मिळाले आणि रॉयल्टी 20 टक्के ठरली, तर कित्येक करारांत ते 100 आमच्याच 20 टक्क्यांतून वळते होतात. म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन स्टोअरने आपला वाटा, बहुधा 30 टक्के, कापून घेतल्यावर पब्लिशरच्या हाती 500 पडेपर्यंत आम्हाला छदाम नाही. जाहिरातीचा खर्च वर कापायचा तो वेगळाच, आणि हिशेबाची वही त्यांच्याच कपाटात. तरी जोखीम म्हणे त्यांची!

ऑब्सिडियन या अमेरिकी स्टुडिओने 2010 मध्ये 'फॉलआउट: न्यू व्हेगस' हा गेम केला. रॉयल्टी नाहीच. बोनस होता, पण समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवर 85 गुण मिळाले तर. मिळाले 84. करोडो डॉलरच्या खेळात एका गुणाने हात हलवत परत! अटारी या गेम कंपनीत नाव आणि वाटा मिळत नाही म्हणून बाहेर पडलेल्या प्रोग्रामरांनी 1979 मध्ये ॲक्टिव्हिजन उभी केली. 2010 मध्ये त्याच ॲक्टिव्हिजनला बोनस आणि रॉयल्टीवरून स्वतःच्याच माणसांनी कोर्टात खेचलं. ही रीत इतकी जुनी आहे, आणि आपलं खातं अजून 'अभ्यास' करतंय.

बँकेत जावं तर कोडवर कर्ज नाही, मशीन दाखवा म्हणतात. मशीन म्हणजे काय, आमचे जुने लॅपटॉप? गेमचे हक्क आधीच पब्लिशरकडे. माझ्या ओळखीतले निम्मे स्टुडिओ तरी असेच बंद पडले. मोजायला आपलं खातं आहेच, पण ते निर्यातीचे आकडे मोजण्यात गुंतलेलं असतं. बांधणाऱ्याने मरायचं, मधल्याने कापायचं आणि फीत सरकारने, ही व्यवस्था एकट्या गेमची थोडीच आहे?

मागणं फार नाही. नकाराचं कारण लेखी आणि कराराला धरून द्यावं, मुदतीत उत्तर नाही आलं तर बिल्ड मंजूर धरावा, आणि हिशेब तपासायचा हक्क आम्हाला असावा. तेवढं जमणार नसेल तर पुढच्या सोहळ्यात दाखवायला आमचा गेम मागू नका. तो अजून नामंजूर आहे.

आपला,
एक स्टुडिओचालक