परतलेल्या विद्यार्थ्यांना सावरायला वेळ द्या

महोदय,

विद्यार्थी विनिमय कार्यक्रमातून वर्षभरासाठी परदेशी जाणाऱ्या मुलांची तयारी निघण्यापूर्वी कसोशीने करून घेतली जाते. यजमान कुटुंबात कसे वागावे, घरची आठवण अनावर झाली तर कोणाशी बोलावे, इथपर्यंत सारे समजावले जाते. ती परतली की मात्र एक सत्कार होतो आणि पुढच्याच आठवड्यात क्लास सुरू होतात. मुंबईतील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताना अशी मुले मी जवळून पाहते आणि त्यांची घुसमट मला अस्वस्थ करते.

नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये, अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांच्या अनुभवांवरून, परक्या देशात रुळताना आधी उत्साह, मग उदासी आणि नंतर स्थैर्य येते, असे मांडले. मायदेशी परतल्यावर हेच चक्र पुन्हा फिरते, ही पुस्ती गलाहॉर्न या अमेरिकी संशोधक दाम्पत्याने १९६३ मध्ये जोडली. पहिल्या उदासीची मुलांना निदान कल्पना दिलेली असते. दुसरीची ना त्यांना असते, ना पालकांना.

माझ्या वर्गातील एक विद्यार्थिनी जर्मनीत वर्षभर एकटी सायकलने शाळेत जात असे. इथे गोरेगावहून दादरला येईपर्यंत तिला घरून दोन-तीनदा फोन येत. मधल्या सुट्टीत तिने ‘तिकडे’ म्हणून काही सांगायला घेतले की ‘झालं हिचं सुरू’ म्हणत मैत्रिणी डबे आवरत. शेवटी तिने बोलणेच सोडले. दहावीपर्यंतच्या तिच्या सोबतिणी एव्हाना बारावीत, सीईटी-नीटच्या धावपळीत होत्या आणि ‘वर्ष फुकट गेलं’ हे नातेवाइकांचे पालुपद तर रोजचेच. याला आगाऊपणा किंवा परदेशाचे वारे लागणे म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे, असे मला मनापासून वाटते.

हे कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थांनी परतीनंतर महिना-दीड महिन्याने, म्हणजे भेटीगाठींचा भर ओसरल्यावर, मुलांची आणि पालकांची स्वतंत्र बैठक आवर्जून घ्यावी. पालकांशी बोलणे मला अधिक गरजेचे वाटते, कारण वर्षभर स्वतःचे निर्णय स्वतः घेतलेल्या मुलाला पुन्हा प्रत्येक गोष्टीसाठी परवानगी मागायला लावले की घरात खटके उडतातच. महाविद्यालयांनी अशा मुलांसाठी एक शिक्षक नेमावा, बुडालेल्या अभ्यासासाठी पहिल्या सत्रात सवलत द्यावी आणि मुंबईत येणाऱ्या परदेशी विनिमय विद्यार्थ्यांची सोबत त्यांच्याकडे सोपवावी. परक्या गावातले पहिले दिवस कसे असतात, हे त्यांच्याइतके वर्गात दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? उदासी लांबली, झोप-भूक बिघडली, तर शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेवर १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. परतीच्या कागदपत्रांसोबत हा क्रमांक प्रत्येक पालकाच्या हाती द्यावा, अशी या संस्थांना विनंती आहे.

– एक शिक्षिका, विलेपार्ले, मुंबई