पुढे डिस्क बसली, पण ब्रेक जुळले का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या गाड्या जपणाऱ्यांची कोल्हापुरात वानवा नाही. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, विलीज घडणीच्या जीपा इथे नटबोल्टापर्यंत उघडून पुन्हा उभ्या केल्या जातात. अशा गाड्यांचे पुढचे ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवण्याचे काम आता सर्रास होते, आणि ते व्हायलाही हवे. करूळ किंवा आंबा घाट उतरताना ड्रम तापून फुगतो, शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे तुकडे, त्याच्यापासून लांब राहतात, त्यांच्यावरच्या लायनरची पकड ढिली होते आणि पेडल दर वळणाला आणखी खाली जाते. डिस्क उघड्यावर असते, म्हणून लवकर थंड होते आणि पाण्यातून गेल्यावरही चटकन सुकते. आमची तक्रार डिस्कबद्दल नाही, अर्धवट कामाबद्दल आहे. हब बदलला, कॅलिपर (पॅडनी डिस्क चिमटणारा भाग) लावला, जुन्याच मास्टर सिलिंडरला (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब देणारा भाग) जोडून पाइपातली एअर काढली की गाडी मालकाच्या ताब्यात. शहरात ती बरी थांबते. खोट कळते ती घाटात.

ड्रममध्ये चाकाच्या फिरण्यानेच पुढचा शू आत ओढला जातो आणि पायाच्या जोराला आयती मदत मिळते. डिस्कमध्ये ही मदत नाही. पॅडला जेवढा दाब मिळेल तेवढाच ब्रेक, म्हणून डिस्कला ड्रमच्या जवळपास दुप्पट दाब लागतो. बुस्टर (पायाचा जोर वाढवणारे साधन) नसलेल्या गाडीत कॅलिपरपाशी ९०० ते १२०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) मिळाले पाहिजेत. हा दाब मास्टर सिलिंडरच्या बोअरवर, म्हणजे आतल्या व्यासावर, आणि पेडलच्या तरफेवर ठरतो. १ इंचाचा बोअर काढून ७/८ इंचाचा घेतला तर त्याच पायाला सुमारे ३० टक्के जास्त दाब मिळतो, पण पेडलही तेवढेच जास्त खाली जाते. बोअर फार लहान घेतला तर पेडल पायाखालच्या फळीला टेकते, मोठा ठेवला तर पेडल दगडासारखे घट्ट लागते आणि गाडी थांबत नाही. तरफेचे प्रमाण बुस्टर नसेल तर ६ ला १ च्या आसपास हवे, बुस्टर असेल तर ४ ला १ पुरते. पेडलच्या पिनपासून पाय ठेवण्याच्या जागेपर्यंतचे अंतर मोजा, पिनपासून पुशरॉडपर्यंतचे (मास्टर सिलिंडर ढकलणाऱ्या दांड्यापर्यंतचे) मोजा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. दोन मिनिटांचे काम आहे, तरी ते क्वचितच होते.

बुस्टरबद्दल एक गोष्ट जीपवाल्यांनी ध्यानात ठेवावी. बुस्टर चालतो व्हॅक्यूमवर, आणि व्हॅक्यूम साधारण १८ इंच पाऱ्याएवढा लागतो. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून तो मिळतो. डिझेल इंजिन बसवलेल्या जीपला तो मिळत नाही, तिथे एक्झॉस्टर, म्हणजे व्हॅक्यूम पंप, असलेला अल्टरनेटर लावावा लागतो. अमेरिकन मसल गाड्यांत जादा ताकदीसाठी तीव्र कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकला तर आयडलला, म्हणजे इंजिन मंद फिरताना, व्हॅक्यूम पडतो आणि बुस्टर तिथेही उपाशी राहतो.

घातक चूक मात्र वेगळीच आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये एक लहान चेक व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडल्यावरही तो पाइपात सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवतो. ड्रमला हा दाब चालतो, कारण शूंना मागे खेचायला स्प्रिंगा असतात. कॅलिपरमध्ये स्प्रिंग नाही, पिस्टन मागे येतो तो फक्त सीलच्या ताणाने. तोच व्हॉल्व्ह राहिला तर पॅड सतत डिस्कला घासत राहतात. दहा-पंधरा किलोमीटरनंतर गाडी जड वाटते, पुढच्या चाकांतून जळका वास येतो, डिस्कवर निळसर डाग उमटतात. मग ऑइल उकळते, पाइपात वाफ होते आणि पेडल एकदम खाली जाते. पुढच्या सर्किटातला (पुढच्या चाकांच्या पाइपांतला) हा व्हॉल्व्ह काढलाच पाहिजे, मागच्या ड्रमसाठी तो राहू द्यावा. विलीज घडणीच्या जीपेत मास्टर सिलिंडर फळीखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असतो. तिथे ऑइल मागे उतरू नये म्हणून डिस्कच्या पाइपात २ पीएसआयचा वेगळा व्हॉल्व्ह लागतो.

पुशरॉडला सुमारे १ मिलिमीटर मोकळीक हवी. ती नसेल तर मास्टर सिलिंडरमधले परतीचे भोक बंद राहते आणि तापलेल्या ऑइलला टाकीत परत यायला वाट उरत नाही. लक्षणे अगदी चेक व्हॉल्व्हसारखीच, म्हणून दोन्ही तपासावे.

एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर असेल तर तो याच कामात बदलून टाका. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. अमेरिकेत १९६७ च्या मॉडेलपासून दुहेरी सर्किट सर्वत्र आले. फोर्डच्या मस्टँगला पुढे डिस्कची सोय १९६५ पासूनच होती, तरी १९६६ पर्यंत मास्टर सिलिंडर एकेरीच होता. दुहेरी सिलिंडरची मोठी टाकी बहुधा डिस्कसाठी असते, कारण पॅड झिजत जातात तसे ऑइल कॅलिपरमध्ये साठत जाते.

आता मागच्या चाकांचे. पुढे डिस्क आणि मागे ड्रम ही जोडी चांगली आहे. पुढची चाके ब्रेकचा ६० ते ७० टक्के भार घेतात आणि हँडब्रेक मागे जसाच्या तसा राहतो. पण मास्टर सिलिंडर बदलून दाब वाढवला की तोच वाढलेला दाब मागेही जातो आणि मागची चाके आधी जाम होतात. ओल्या रस्त्यावर याचा अर्थ गाडी गिरकी घेणार. म्हणून मागच्या लाइनमध्ये दाबाचे प्रमाण कमी-जास्त करता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह हवाच. चाचणी मोकळ्या रस्त्यावर, ४० किलोमीटर वेगाने. एकाने बाजूला उभे राहून चाके बघावीत. पुढची आधी थांबली पाहिजेत, मागची आधी थांबली तर व्हॉल्व्हने मागचा दाब आणखी कमी करावा. परदेशात मस्टँगसाठी मिळणाऱ्या पूर्ण किटमध्ये हा व्हॉल्व्ह आणि जुळणारा मास्टर सिलिंडर डिस्कबरोबरच येतो. आपल्या गाड्यांना इकडचे-तिकडचे भाग जोडले जातात, म्हणून ही जुळवणी ज्याने काम घेतले त्यानेच करायची आहे.

स्टब अ‍ॅक्सलला (पुढचे चाक ज्यावर फिरते त्या आसाला) वेल्डिंग मारून कॅलिपरचा ब्रॅकेट चिकटवू नका. स्टब अ‍ॅक्सल घडीव पोलादाचा असतो, वेल्डिंगच्या कडेला तो ठिसूळ होतो आणि चीर तिथूनच सुरू होते. ब्रॅकेट जाड प्लेटमधून मशिनवर काढावा आणि मूळ बॅकप्लेटच्याच भोकांत १०.९ ग्रेडचे बोल्ट लावून बसवावा. डिस्क ओतून घ्यायची तर ज्या शहरात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव अशा औद्योगिक वसाहती आहेत तिथे फाउंड्रीला एफजी २२० किंवा एफजी २६० असा ओतीव लोखंडाचा ग्रेड स्पष्ट सांगता येतो. तयार डिस्कचा रनआउट (फिरताना होणारे डगमगणे) हबवर बसवल्यानंतर डायल गेजने पाहावा, ०.१ मिलिमीटरच्या वर नको. लांब वळणानंतर पहिल्या दाबाला पेडल खोल गेले आणि दुसऱ्याला वर आले तर दोष ऑइलमध्ये नसतो. बेअरिंग ढिले आहे किंवा डिस्क वाकडी फिरते आणि पॅडना मागे ढकलते आहे.

एअर निघतच नाही अशी तक्रार फार येते. नव्वद टक्के वेळा डावा कॅलिपर उजवीकडे बसवलेला असतो आणि एअर काढायचा निपल खाली आलेला असतो. हवा वरच राहते, कितीही पंपिंग केले तरी. निपल नेहमी सर्वांत वरच्या टोकाला. मास्टर सिलिंडरची एअर आधी बाकावर व्हाइसमध्ये धरून काढावी, मग गाडीवर सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून ते मागचे डावे चाक. निपलला पारदर्शक नळी, तिचे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेले. बुडबुड्यांची बारीक माळ तुटून सलग ऑइल येईपर्यंत थांबू नये.

पाइप तांब्याचे नकोत. धक्क्यांनी तांबे कडक होऊन तडकते, म्हणून पोलादी पाइप आणि टोकाला दुहेरी फ्लेअर (दुमडून पसरवलेले तोंड). होज पाइप स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, चाक हवेत लोंबकळत ठेवून तपासावा. १४ इंची जुने रिम कॅलिपरला घासू शकते, चाक हाताने फिरवून किमान ३ मिलिमीटर मोकळे आहे ना हे पाहावे. जुने ड्रम उघडताना कॉम्प्रेसरने धूळ उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते, ओल्या फडक्याने पुसा.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ नंबर मालिकेत नोंदवायची असेल, तर ती मूळ स्वरूपात असावी अशी अट आहे. काढलेले ड्रम, बॅकप्लेट, मास्टर सिलिंडर मालकाने मागून घ्यावेत आणि गोणपाटात बांधून ठेवावेत. दसऱ्याला निघणाऱ्या संस्थानच्या मेबॅकसारख्या गाडीला तर हात लावू नये, ती मूळ रूपातच शोभते.

मालकांना एवढेच सांगणे: बिलावर मास्टर सिलिंडरचा बोअर, चेक व्हॉल्व्ह काढल्याची नोंद आणि डिस्कची किमान जाडी लिहून घ्या. नवे पॅड बसल्यावर ५० किलोमीटर वेगावरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, वीस-तीस वेळा ब्रेक मारा आणि मध्ये डिस्क थंड होऊ द्या. ५०० किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा आवळा. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट ४ दर्जाचे ऑइल कोरडे असताना २३० अंशांवर उकळते, पाणी मुरल्यावर १५५ अंशांवरच. गगनबावड्याच्या पावसात फिरणाऱ्या गाडीचे ऑइल दोन वर्षांपलीकडे ठेवू नका.

आपले,
जुन्या गाड्यांच्या ब्रेकचे काम करणारे काही कारागीर,
कोल्हापूर