डिसेंबरात मी येत नाहीये, कारण वाच

चिऊ,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस म्हणून टाइप करत बसलेय, सावकाश वाच. डिसेंबरात मी बंगलोरला येत नाहीये. आमच्या पुरातत्त्वाच्या डिप्लोमाचं फील्डवर्क नेमकं तेव्हाच आलंय आणि तेच चुकवायचं तर मग शनिवार-रविवार लोकल पकडून लेक्चरला जाते कशाला मी. तुझ्या सासूबाईंना सांग की विहीणबाई परीक्षेत बिझी आहेत, खोटं नाही ते.

"या वयात खड्डे खणून काय मिळणार" म्हणालीस ना, अगं खणायला मिळतं कुठे! मनात आलं म्हणून कुठेही उकरता येत नाही, एएसआयचं, म्हणजे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं लायसन्स लागतं. आम्ही आपले नांगरलेल्या शेतातून रांगेने खाली बघत चालतो, खापरी दिसली की जागा नोंदवायची. मग त्या धुवायच्या, सावलीत वाळवायच्या, प्रत्येकीवर शाईने बारीक नंबर घालायचा. काठाचा तुकडा असला तर एका कागदावर एकात एक वर्तुळं काढलेली असतात, त्यावर तो फिरवून बघायचा कुठल्या वर्तुळाशी बसतोय, म्हणजे भांड्याचं तोंड केवढं होतं ते कळतं. हे मला फार आवडतं, जेवण विसरते. आणि जोर्वे खापरी (संगमनेरजवळचं जोर्वे, तिथे १९५०-५१ ला उत्खनन झालं म्हणून त्या काळच्या सगळ्या शेतकरी संस्कृतीलाच ते नाव) चांगली भाजलेली असते, लाल अंगावर काळी नक्षी, टिचकी मारली की खणखणीत वाजते. वर्गातल्या पोरांना हे सरांनी शिकवलं, मी माठ घेताना आयुष्यभर तेच करत आलेय.

ब्राह्मी लिपी अजून पाठ होत नाही, ते सोड.

पण इनामगाव सांगते तुला. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे खणलं, म्हणजे एका गावावर पंधरा वर्षं! साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी, जव पिकवायचे. घरांच्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली सापडली, दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून, आत लेकरू आणि सोबत छोटी भांडी. वर्गात एक मुलगी म्हणाली किती क्रीपी, त्यावरच झोपायचे का हे लोक. मी काही बोलले नाही पण मला त्यात विचित्र काही वाटलंच नाही गं. तान्हं मूल, त्याला एकटं बाहेर कुठे ठेवणार.

वयाने मोठ्यांना मात्र उत्तरेकडे डोकं करून आडवं पुरायचे आणि घोट्याखाली पाय तोडलेले. मेलेला माणूस उठून चालू लागू नये म्हणून, असं सांगतात. असेल. पण एकाला चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलंय आणि त्याचे पाय शाबूत! तो मोठा माणूस असणार गावातला, असा अंदाज. मी विचारलं, सर, मग मोठ्या माणसाच्या भुताची भीती वाटत नव्हती का? सर हसले, म्हणाले प्रश्न चांगला आहे पण पेपरात लिहू नका. मी लिहिणार आहे.

फी माझ्या पेन्शनमधून जाते, त्याची काळजी तू करू नकोस. डिप्लोमा घेऊन नोकरी कुठे करणार वगैरे बाबांनी विचारून झालंय, आता तेच मला लायब्ररीतून पुस्तकं आणून देतात आणि स्वतः आधी वाचतात.

ऑनलाइन दोन नीकॅप मागवून दे, साइझ एल, उकिडवं बसून गुडघे धरतात. आणि उन्हाची टोपी, मोठ्या काठाची, गुलाबी नको.

आई