अण्णा, दोन फायली वेगळ्या केल्याबद्दल

तीर्थस्वरूप अण्णा,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही तळमजल्यावर, मी दुसऱ्या मजल्यावर, तरी हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. गेल्या आठवड्यात जुन्या कंपनीतला एक मुलगा घरी आला होता. राजीनामा देऊन दीड महिना झालाय, फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब, अडकलंय, आणि एचआरने त्याच्यापुढे तोच नॉन-कॉम्पिटचा, म्हणजे नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत न जाण्याचा, कागद ठेवलाय जो 2023 च्या ऑक्टोबरमध्ये माझ्यापुढे ठेवला होता. त्याला समजावताना माझ्या तोंडून सगळी तुमचीच वाक्यं निघत होती.

भोसरीतली ती नोकरी मी ऑगस्टअखेर सोडली. सहा वर्षं आठ महिने कॉम्प्रेसरच्या सर्व्हिसिंगचं काम केलं, पुढची नोकरीही त्याच कामाची मिळाली. शेवटचा पगार थांबला, रजेचे पैसे थांबले, ग्रॅच्युइटी थांबली. विचारायला गेलं की उत्तर एकच: "दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही असं लिहून दिलंय ना? आधी तिथून बाहेर पडा, मग हिशोब." पाठोपाठ वकिलाची नोटीस आली. घराचा हप्ता पाच तारखेचा. तुम्हाला आजवर सांगितलं नाही अण्णा, पण त्या दिवशी नव्या नोकरीचा राजीनामा मी टाइप करून ठेवला होता.

संध्याकाळी तुमच्याकडे आलो. "करार वाच," म्हणालात. इंग्रजीत आहे म्हटल्यावर, "मग मराठीत सांग, एकेक ओळ." चौदा पानं होती. काकूंनी दोनदा चहा केला. साडेदहाला शेवटचं पान झालं तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "यात पगार अडवून ठेवू असं कुठं आलं?"

कुठंच आलं नव्हतं. त्या कागदावर सही मीच केली होती, पण तो नीट वाचला त्या रात्री, पहिल्यांदा.

"तुझी कमाई ही एक फाईल आणि त्यांचा करार ही दुसरी," तुम्ही म्हणालात. "त्यांनी दोन्ही एका नाडीत बांधल्यात. आपण नाडी सोडायची."

युनियनच्या ऑफिसात तुम्ही आयुष्यभर कागद सांभाळले, म्हणून 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 तुम्हाला पुस्तक न उघडता आठवलं: धंदा-व्यवसाय करण्यापासून माणसाला रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. नोटिशीत 1967 च्या गोलिकरी खटल्याचा दाखला होता, मी त्यालाच घाबरलो होतो. तुम्ही तो खटला गोष्टीसारखा सांगितलात. कल्याणच्या रेयॉन कारखान्यातला शिफ्ट सुपरवायझर, पाच वर्षांच्या करारावर, मुदत संपायच्या आत कोट्याच्या कारखान्यात गेला. सुप्रीम कोर्टाने त्याला अडवलं ते त्या पाच वर्षांपुरतं. "तुझी कुठली मुदत राहिली होती? आणि आपल्या श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानचं 2006 सालचं प्रकरण बघ. करार संपल्यावरचं बंधन कोर्टाने मानलं नाही."

पण ज्या गोष्टीसाठी मी तुमचा सर्वांत जास्त ऋणी आहे ती पुढची. तुम्ही विचारलंत, "त्यांचं तुझ्याकडे काय आहे?" माझ्या पेन ड्राइव्हमध्ये गिऱ्हाइकांची यादी आणि रेटशीट होती. सर्व्हिसच्या धावपळीत ती सगळ्यांकडेच असते. तुम्ही आवाज चढवलात. जिथे पाहिजे तिथे काम करायचा हक्क माझा, पण ती यादी माझी नाही, हे मला नीट ऐकवलंत. दुसऱ्याच दिवशी पेन ड्राइव्ह पोच घेऊन परत केला. नोटीस पिरियडचे नऊ दिवस कमी भरले होते, त्याचे 10,800 रुपयेही माझ्याच हाताने वजा करायला लावलेत.

मग हिशोब. मूळ पगार 31,200, भागिले 26, गुणिले 15, म्हणजे वर्षाला 18,000. सहा महिन्यांच्या वरचे महिने पूर्ण वर्ष धरतात, म्हणून सात वर्षं: 1,26,000. पगार 52,000, वीस दिवसांच्या रजेचे 24,000. नऊ दिवस वजा जाता 1,91,200. ग्रॅच्युइटी जप्त करायची तर कंपनीनेच कामावरून काढलेलं असावं लागतं, आणि तेही नुकसान, दंगा, नैतिक अधःपतन असल्या कारणांसाठी. राजीनामा देऊन दुसरीकडे गेलेल्याची नाही. हे वाक्य पत्रात घालायला सांगितलंत, पण पत्र मात्र मलाच लिहायला लावलंत. तीनदा फाडलंत. चौथं रजिस्टर पोस्टाने गेलं, सोबत ग्रॅच्युइटीसाठीचा 'आय' नमुन्यातला अर्ज.

उत्तर आलं नाही. मग आकुर्डीहून लोकल पकडून शिवाजीनगर, कामगार कार्यालय. किती फेऱ्या झाल्या! गुडघा दुखत असताना तुम्ही जिना चढायचात. मी 'एक्झिक्युटिव्ह' असल्यामुळे कामगार ठरत नाही, असं कंपनीच्या माणसाने म्हटलं तेव्हा तुम्ही शांतपणे माझे सर्व्हिस रिपोर्ट टेबलावर मांडलेत. "पदाचं नाव काहीही ठेवा साहेब, याच्या हातात पाना होता."

सुनावणीची तारीख लागली आणि त्यांचा फोन आला: चेक तयार आहे, 'काही येणे बाकी नाही' यावर सही करा, आणि सहा महिने नव्या नोकरीवर जाऊ नका. बायको म्हणाली, घेऊन टाका. मलाही तसंच वाटत होतं. तुम्ही म्हणालात, आधी पैसे खात्यात, मग सही, आणि नोकरीचं वाक्य खोडून.

31 जानेवारी 2024 ला 1,95,400 रुपये जमा झाले. वरचे 4,200 म्हणजे ग्रॅच्युइटीवरचं चार महिन्यांचं दहा टक्के व्याज. तेही तुम्ही सोडलं नाहीत. नॉन-कॉम्पिटबद्दल पुन्हा कधी अक्षर आलं नाही.

पेढे आणि पैशांचं पाकीट घेऊन आलो तर एक पेढा काकूंच्या हातावर ठेवलात आणि पाकीट मात्र मला परत दिलंत.

त्या मुलाचं काम थोडं सोपं असेल. नव्या वेतन संहितेत राजीनामा दिलेल्याचंही वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. त्याला चौदा पानं मराठीत सांगायला लावली. साडेअकरा वाजले. तुमची निळी फाईल सध्या त्याच्याकडे आहे, परत आली की आणून देतो. शनिवारी त्याला घेऊन शिवाजीनगरला जायचं होतं, पण कार्यालय बंद असतं, सोमवारी जातो. तुम्ही येऊ नका, गुडघा सांभाळा.

काकूंना नमस्कार.

आपला,
दुसऱ्या मजल्यावरचा